एक्स-रेच्या फिल्मवर अंबरनाथ

एक्स-रेच्या फिल्मवर एक्स-रे जवळजवळ उमटतच नाहीत. ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्या काळात ठाण्या-कल्याणच्या एक्स-रे क्लिनिकमागे एक अंधारी खोली असायची, त्या काळच्या टेक्निशियनला ही रोजच्या कामातली गोष्ट होती. छातीचा एक्स-रे काढताना पेशंटला ज्या चपट्या पेटीला छाती टेकवून उभे करतात, तिला कॅसेट म्हणतात. कॅसेटच्या दोन्ही बाजूंना आतून पांढरट पडदे चिकटवलेले असतात आणि त्यांच्यामध्ये फिल्म असते. एक्स-रे पडले की हे पडदे क्षणभर उजळतात, आणि फिल्मवर चित्र उमटते ते या उजेडाने. फिल्म काळी होण्यातला पंचाण्णव टक्क्यांहून अधिक वाटा पडद्यांच्या उजेडाचा असतो. कारण साधे आहे. एक्स-रे फिल्मच्या पातळ थरातून आरपार निघून जातात, तिथे अडकणारे फार थोडे. पडद्यातली जड मूलद्रव्यांची भुकटी मात्र त्यांना अडवते आणि अडवलेल्या प्रत्येक कणामागे प्रकाशाचे शेकडो कण बाहेर टाकते. त्यामुळे थोड्या किरणांत काम भागते आणि पेशंटच्या अंगावर पडणारा मारा कितीतरी कमी होतो. दातांच्या दवाखान्यात तोंडात धरायला देतात ती बोटभर फिल्म याला अपवाद, तिच्यासोबत पडदा नसतो. बाकी छाती, गुडघा, मणका, मनगट यांच्या एक्स-रेसाठी वापरली जाणारी फिल्म मुळात उजेड टिपण्यासाठीच घडवलेली आहे.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे, की भात्याच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यात एक्स-रेची फिल्म घालून कृष्णधवल फोटो काढणारे काही लोक जगभर आहेत आणि त्यांच्या या उद्योगाकडे बहुधा ‘जुगाड’ म्हणून पाहिले जाते. खरी फिल्म परवडत नाही म्हणून दवाखान्यातली वापरतात, असा सूर असतो. काहींना तर कॅमेऱ्यातून किरण बाहेर पडतील की काय अशीही शंका येते. तसे काही होत नाही, किरण यंत्रात तयार होतात, फिल्ममध्ये नसतात. माझे म्हणणे असे आहे की आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहून ज्याला मोठ्या निगेटिव्हवरचे छायाचित्रण शिकायचे आहे, त्याने सुरुवात एक्स-रे फिल्मनेच करावी. ती स्वस्त आहे हे एक कारण आहेच. पण त्याहून मोठे कारण हे, की या फिल्मची नजर आपल्या मुलखाच्या जुन्या फोटोंची नजर आहे, आणि तिचे म्हणून जे दोष सांगितले जातात त्यांतला प्रत्येक दोष कुठून आला हे कळले की त्यावरचा उपायही कळतो.

मोठी निगेटिव्ह म्हणजे किती मोठी? रोलच्या कॅमेऱ्यातली नेहमीची निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटरची. ४ बाय ५ इंचाची एक शीट तिच्या पंधरापट भरते आणि ८ बाय १० इंचाची जवळपास साठपट. एवढ्या मोठ्या निगेटिव्हला एन्लार्जर लागत नाही. ती कागदावर ठेवायची, वरून काच दाबायची आणि उजेड दाखवायचा, की निगेटिव्हच्याच मापाचा फोटो, म्हणजे कॉन्टॅक्ट प्रिंट, तयार. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराची ८ बाय १० ची चित्रे याच पद्धतीने छापलेली आहेत. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंतही काळ्या कापडाखाली डोके घालून, घाशीव काचेवर उलटे चित्र पाहून फोटो काढायचा रिवाज होता. केरळात अलाप्पुळा इथे के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात सुरू केलेला ‘वागीश्वरी’ कॅमेरा त्यासाठी प्रसिद्ध होता. असा एखादा कॅमेरा शोधून दुरुस्त करून घेणे आजही जमते. अडते ते फिल्मशी. उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी ‘इंदू’ या नावाने कृष्णधवल फिल्म, कागद आणि एक्स-रे फिल्मही बनवायची. ती बंद पडली. आता शीट फिल्म परदेशातून येते आणि ८ बाय १० ची एकेक शीट शेकडो रुपयांना पडते. त्याच मापाची एक्स-रेची शीट त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी किमतीत मिळते.

शिकण्याच्या दृष्टीने हा फरक केवळ खिशापुरता उरत नाही. या छायाचित्रणात चुका ठरलेल्या असतात. फिल्म बसवायच्या होल्डरची पट्टी ओढायची राहते, भाता लांबला म्हणून उजेड वाढवायला हवा होता हे विसरले जाते, तिपाई वाऱ्याने हलते, फिल्म होल्डरमध्ये उलटी बसते. (हा शेवटचा घोटाळा दोन्ही बाजूंना सारखा थर असलेल्या एक्स-रे फिल्मबाबत होऊच शकत नाही, तिला सुलट-उलट नाही.) पहिल्या शंभरातल्या ऐंशी शीट वाया जाणार असतील तर त्या वाया घालवणे परवडले पाहिजे. महागड्या फिल्मने माणूस घाबरत फोटो काढतो, एका दृश्यावर एकच शीट खर्च करतो आणि चूक कशामुळे झाली हे कधीच पडताळत नाही. एक्स-रेच्या फिल्मवर तो एकच दगड तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरने घेऊन पाहू शकतो. शिवाय आपल्याकडे एक्स-रे फिल्मची मापे इंचांत चालत आली: ८ बाय १०, १० बाय १२, १२ बाय १५. लाल दिव्याखाली कटरवर यातल्या पहिल्या शीटचे ४ बाय ५ चे चार, दुसरीचे सहा आणि तिसरीचे नऊ तुकडे होतात, एक चिंधीही उरत नाही. फक्त होल्डरच्या खोबणीत सरकावे म्हणून प्रत्येक तुकड्याची कड आणखी एखाद्या मिलिमीटरने छाटून घ्यावी लागते.

आता नजरेविषयी. वैद्यक आणि छायाचित्रण यांची जवळीक आपल्याकडे फार जुनी आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही होते. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले, आणि नारायण दाजींचे नाव त्या काळच्या मुंबईतल्या चांगल्या छायाचित्रकारांत घेतले जाते. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखाच्या वाचनाशी भाऊ दाजींचे नाव जोडलेले आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा हा लेख शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. कल्याणच्या शेजारच्या या देवळाची रेखाटने, शिल्पांचे साचे आणि फोटो १८६८ मध्ये मुंबई सरकारने कलाशाळेच्या मंडळींकडून करवून घेतले होते. तो जमाना कलोडियनच्या ओल्या काचांचा. काचेवर चिकट द्रव ओतायचा, ती ओली असतानाच फोटो काढायचा आणि सुकायच्या आत तिथल्या तिथे तंबूत धुवायची. ईथरच्या वाफा नाकातोंडात जाणाऱ्या या पद्धतीला कंटाळून १८७१ मध्ये जिलेटिनचा कोरडा थर सुचवला तो रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी, आणि तेही पेशाने डॉक्टरच. आजची एक्स-रे फिल्म या जिलेटिनच्या थराची थेट वंशज आहे. रंटगेनने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी नवे किरण पाहिले आणि डिसेंबरात पत्नीच्या हाताची हाडे टिपली, तेव्हा त्याच्याजवळही फोटोचीच काच होती. पुढच्याच वर्षी चमकणाऱ्या पडद्याची जोड मिळाली. पहिल्या महायुद्धात बेल्जियमहून येणाऱ्या काचेचा पुरवठा तुटला, तशी काचेची जागा फिल्मने घेतली, आणि १९१८ च्या सुमारास कोडॅकने दोन्ही अंगांना थर दिलेली फिल्म आणली.

ओल्या काचेला फक्त निळा-जांभळा प्रकाश दिसायचा. हिरवा दिसू लागला तो १८७३ मध्ये हेरमान फोगेलने रंगद्रव्य मिसळून पाहिल्यावर. लाल दिसणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या त्या १९०६ मध्ये. एक्स-रे फिल्म या इतिहासातल्या पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबलेली आहे, कारण तिला पुढे जायची गरजच पडली नाही. कॅल्शियम टंगस्टेटचा जुना पडदा निळा चमकतो, म्हणून एक जात निळ्याला जागी असलेल्या फिल्मची. १९७० च्या दशकात आलेला गॅडोलिनियमचा पडदा हिरवा चमकतो, म्हणून दुसरी जात हिरव्यालाही जागी असलेल्या फिल्मची. डब्यावर ‘ब्लू’ की ‘ग्रीन’ हे छापलेले असते. लाल दोघींनाही दिसत नाही. म्हणजे निळी फिल्म घेऊन अंबरनाथच्या देवळापुढे उभे राहिले, तर १८६८ च्या छायाचित्रकाराच्या काचेला जे रंग दिसत होते जवळपास तेच आपल्या फिल्मला दिसतात.

यातून चित्रात काय घडते ते घरातल्याच पुराव्यावरून समजून घेता येईल. भिंतीवरच्या पणजीच्या फोटोत कपाळावरचे कुंकू काजळासारखे काळे दिसते, ओठ गडद, आणि लाल नऊवारी जवळजवळ काळी. त्या काळच्या स्टुडिओतल्या काचेला लाल दिसत नव्हता, म्हणून ते काळे. एक्स-रे फिल्मवर आज कुणाचा फोटो काढला तर कुंकू तसेच काळे येईल, चेहऱ्यावरच्या रेषा आणि डाग ठळक होतील आणि सावळा रंग आणखी गडद होईल. गोऱ्या, गुळगुळीत चेहऱ्याची आवड असलेल्या स्टुडिओवाल्याला ही फिल्म खपणार नाही. पण राबलेल्या माणसाचा चेहरा ती जितक्या आदराने टिपते तितक्या आदराने फार थोड्या फिल्म टिपतात, असे माझे मत आहे. निसर्गदृश्यातही असेच होते. दूरच्या डोंगरावरची धूसरता निळसर असते आणि निळ्याला जागी असलेली फिल्म तिला आणखी दाट करते. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर लाल फिल्टर लावून लोक ही धूसरता कापून काढतात. इथे ती उलट वाढते, आणि कल्याणहून दिसणारा मलंगगड किंवा ठाण्यामागचे येऊरचे डोंगर एकामागे एक फिकट होत जाणारे पदर होऊन उभे राहतात. चौकोनी टॉवरांच्या गर्दीत हरवलेले अंतर फोटोत परत येते. आभाळ मात्र पांढरे सपाट येते, ढगांची हौस असेल त्याने ही फिल्म वापरू नये. अंबरनाथच्या काळ्या पाषाणावर पावसाळ्यानंतर शेवाळ धरते. हिरव्या जातीच्या फिल्मवर ते शेवाळ दगडाहून उजळ येते आणि कोरीव कामाच्या कडा त्या उजळ रेषांनी उठून दिसतात. सावलीतला उजेड निळसर असतो, त्यामुळे मंडपाच्या कोनाड्यांत, जिथे सरळ ऊन शिरत नाही तिथेही, ही फिल्म अपेक्षेहून जास्त पाहते. (देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिपाई लावायची तर परवानगी आधी घ्यावी.)

पहिला आक्षेप येतो तो गुणवत्तेचा, आणि तो खरा आहे. दोन्ही बाजूंचा थर ओला असताना इतका मऊ असतो की नखाचा, ट्रेच्या तळाचा, दुसऱ्या शीटचा नुसता स्पर्श झाला तरी ओरखडा उमटतो. साध्या फिल्मच्या मागच्या बाजूला थर नसतो, म्हणून ती ट्रेमध्ये निर्धास्त लोळवता येते. इथे ते चालत नाही. पण दवाखान्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलेला होता. एक्स-रेच्या डार्करूममध्ये स्टीलचा चौकटीचा हँगर असायचा, त्याच्या चार कोपऱ्यांतल्या चिमट्यांत फिल्म ताणून बसवायची आणि उभ्या टाकीत सोडायची, म्हणजे दोन्ही अंगांना द्रावणाखेरीज काहीच लागत नाही. ‘ओली फिल्म’ घेऊन धावणारा वॉर्डबॉय ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो हँगरही आठवत असेल. डिजिटल यंत्रे आल्यावर हे हँगर आणि टाक्या अडगळीत गेल्या. त्या मिळाल्या नाहीत तर सपाट तळाच्या ट्रेमध्ये तळाशी गुळगुळीत काच ठेवून एका वेळी एकच शीट धुवावी, एवढ्यानेही ओरखडे बरेच आटोक्यात येतात.

दुसरा दोष धूसरपणाचा. थर दोन, आणि मध्ये पॉलिएस्टरचा सुमारे ०.१८ मिलिमीटर जाडीचा निळसर पापुद्रा. समोरच्या थरावर पडलेला उजेड पापुद्र्यातून पसरत मागच्या थरावर पोचतो, म्हणून मागचे चित्र किंचित पसरट असते. साध्या फिल्मच्या पाठीला असा परतणारा उजेड गिळणारा एक रंगीत लेप असतो. दोन्ही बाजूंना थर असलेल्या फिल्ममध्ये त्याला जागाच नाही. परिणामी खिडकी, दिवा, पाण्यावरची तिरीप यांच्याभोवती मंद वलय येते. ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या सकाळच्या पाण्यात हे वलय मला तरी दोष वाटत नाही, पण ज्याला काटेकोर रेषा हवी त्याला तो दोषच आहे. त्यालाही वाट आहे. धुऊन, सुकवून झालेली निगेटिव्ह काचेवर कडेने चिकटपट्टी लावून पालथी घालायची आणि वरच्या अंगाचा थर घरात वापरतात त्या ब्लीचने पुसून काढायचा. हातात रबरी मोजे हवेत, खिडकी उघडी हवी. किंवा मॅमोग्राफीसाठी बनवलेली, एकाच बाजूला थर असलेली फिल्म शोधायची. आणि कॉन्टॅक्ट प्रिंटच काढायची असेल तर यातले काहीच करायला नको, कारण निगेटिव्ह मोठी करायची नसल्यावर एवढा पसरटपणा डोळ्याला दिसत नाही.

तिसरा आक्षेप भडकपणाचा, म्हणजे काळे फार काळे आणि पांढरे फार पांढरे. हाडातला केसाएवढा तडा डॉक्टरांच्या नजरेतून सुटू नये म्हणून ही फिल्म लहानसा फरकही फुगवून दाखवते. दोन थरांची काळोखी एकमेकींवर चढते, आणि दवाखान्यातले डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारे द्रावण, जोरकस असते. भर दुपारच्या उन्हात देवळाचा फोटो काढून तो त्या डेव्हलपरमध्ये धुतला तर उन्हातला दगड खडूसारखा आणि सावली डांबरासारखी येणारच. उपाय म्हणजे डेव्हलपर पातळ करणे. रोडिनालसारखे डेव्हलपर एकास शंभर पाणी घालून वापरले आणि ट्रे अगदी सावकाश हलवला की उजळ भागातले डेव्हलपर लवकर थकते, सावलीतले काम करत राहते आणि दोघांतले अंतर कमी होते. इथे एक्स-रे फिल्मचा एक मोठा फायदा पदरात पडतो. लाल दिसत नसल्यामुळे ती लाल दिव्याखाली धुता येते. पॅनक्रोमॅटिक फिल्म ठार अंधारात, घड्याळावर विसंबून धुवावी लागते. इथे चित्र उमटताना डोळ्यांसमोर दिसते. आधी आभाळाचा काळा पट्टा येतो, मग शिखराची कड, मग शिल्पांचे खांदे आणि कपाळे, आणि सर्वांत शेवटी कोनाड्यातली सावली. कुठे थांबायचे ते हाताला कळू लागते. दिवा मात्र गडद लाल हवा. जुन्या डार्करूममधला केशरी दिवा निळ्या जातीच्या फिल्मला चालायचा, हिरव्या जातीच्या फिल्मवर तो धुके चढवतो.

आपल्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो, कारण पुस्तकांतले आकडे थंड देशांत ठरलेले असतात. डेव्हलपरचे तापमान २० अंश सांगितलेले असते आणि मे महिन्यात डोंबिवलीच्या गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी तिशीच्या पुढे असते. गरम पाण्यात जिलेटिन फुगते, मऊ पडते, कडेला सुटूही लागते. म्हणून ट्रे बर्फाच्या पाण्याच्या मोठ्या परातीत ठेवावा, धुण्याचा वेळ कमी करावा आणि हायपोमध्ये, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात, तुरटी असलेले, थर कडक करणारे मिश्रण वापरावे. दाढीनंतर गालाला लावायची तुरटी आणि फिल्म कडक करणारी तुरटी एकच. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने सुकताना क्षारांचे डाग राहतात, तेव्हा शेवटचे धुणे पिण्याच्या गाळलेल्या पाण्याने करावे. संवेदनशीलतेचे म्हणाल, तर दिवसाच्या उजेडात हिरवी फिल्म साधारण ५० ते १०० आयएसओसारखी वागते आणि घरातल्या पिवळ्या बल्बच्या उजेडात त्याहून बरीच मंद, कारण त्या उजेडात लाल जास्त आणि निळा कमी.

भडकपणाचा दोष एका ठिकाणी चक्क गुण ठरतो. १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी शोधलेली सायनोटाइपची निळी छपाई, किंवा चांदीच्या क्षाराची जुनी छपाई, यांना कागद उन्हात ठेवावा लागतो आणि त्यासाठी निगेटिव्ह मोठी आणि बऱ्यापैकी भडक लागते. बाजारातल्या सौम्य फिल्मवरून ही छपाई फिकी, मळकट येते. एक्स-रेच्या निगेटिव्हवरून ती खणखणीत येते. निळ्या छपाईला दोन रसायने पुरतात, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. यातले पहिले रक्तवाढीच्या काही टॉनिकांत लोहासाठी वापरले जाते, म्हणजे पुन्हा दवाखान्याचीच आठवण. डार्करूमचा महागडा कागद नको, एन्लार्जर नको, गच्ची आणि कडक ऊन पुरे. ठाणे-कल्याण पट्ट्यात जानेवारीपासून मेपर्यंत उन्हाची ददात नसते.

मग डिजिटल असताना हे कशाला, असा प्रश्न उरतो. प्रश्न रास्त आहे, आणि वर्तमानपत्रासाठी, लग्नासाठी, चटकन दाखवायच्या कुठल्याही कामासाठी उत्तर डिजिटल हेच आहे. पण अंबरनाथचे देऊळ, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याचा बुरूज, ठाण्याच्या खाडीकाठची दलदल ही घाईत पाहायची दृश्ये नव्हेत. मोठा कॅमेरा माणसाला एका जागी अर्धा तास उभा करतो, उलट्या चित्रातून रचना समजून घ्यायला लावतो, आणि मागे एक वस्तू उरते जी वाचायला यंत्र लागत नाही. पणजीच्या फोटोसारखीच ती उजेडासमोर धरून पाहता येते. दुसरा प्रश्न नैतिक आहे: रुग्णांच्या वापराची वस्तू छंदासाठी का वापरावी? टंचाई असती तर या प्रश्नापुढे मी गप्प बसलो असतो. वस्तुस्थिती अशी की दवाखाने स्वतःच या फिल्मकडे पाठ फिरवत आहेत. रस्तोरस्ती ‘डिजिटल एक्स-रे’च्या पाट्या लागल्या आहेत आणि तिथून हातात पडणारी फिल्म ही प्रिंटरमध्ये उष्णतेने छापलेली असते. नवख्याने इथे सावध राहावे. दुकानदार तिलाही ‘एक्स-रे फिल्म’च म्हणतो, पण ही ‘ड्राय’ फिल्म कॅमेऱ्यात घालून काही उपयोग नाही, ती डेव्हलपरने धुतली जात नाही. मागताना डार्करूममध्ये धुवायची ओली फिल्म, ब्लू की ग्रीन, असे स्पष्ट मागावे.

सांडपाण्याचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. वापरलेल्या हायपोत फिल्मवरची विरघळलेली चांदी असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक आहे. उल्हास नदीने आणि वालधुनीने कारखान्यांचे जे सोसले आहे त्यात भर घालायचा अधिकार कुणाही छायाचित्रकाराला नाही. आणि ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे, फ्लेमिंगो तिथेच उतरतात. त्यामुळे हायपो मोरीत ओतायचा नाही. तो झाकणाच्या बादलीत साठवून त्यात स्टील वूलची गुंडी टाकून ठेवली की लोखंड विरघळते आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात तळाशी बसते. जुन्या एक्स-रे फिल्म भंगारवाले विकत का घेत, याचे उत्तर या गाळात आहे. वाया गेलेल्या ऐंशी शीटही केराच्या डब्यात न टाकता त्याच वाटेने पाठवाव्यात.

राहिला प्रश्न हा, की ही फिल्म बनणेच थांबले तर? थांबेल, केव्हा ते नक्की नाही. पण फ्रिजमध्ये, हवाबंद पिशवीत, दमटपणापासून जपून ठेवलेला डबा छापील तारखेनंतरही वर्षानुवर्षे कामाला येतो. फिल्मवर थोडे धुके चढते, एवढेच. कॉन्टॅक्ट प्रिंटला त्यामुळे जरा जास्त उजेड दाखवावा लागतो, आणि निळी छपाई करणाऱ्याने कागद गच्चीवर आणखी पाच-दहा मिनिटे राहू दिला की भागते.